जात्याला टाकी, दाढेला काय?

"अहो, रात्री सुपारी कातरत होता की काय?" बायकोने सकाळी विचारलं. मी सुपारी खात नाही आणि घरातला अडकित्ता आजीच्या मागेच कुठेतरी गेला. आवाज माझ्या तोंडातून येत होता म्हणे. मी कानांवर हात ठेवले. घोरणारा आणि झोपेत दात खाणारा, दोघेही स्वतःचे साक्षीदार नसतात.

आईने फोनवर लगेच निदान केलं, "जंत झाले असतील." आमच्या लहानपणी दात खाणाऱ्या पोराला वावडिंग ठरलेलं. बावन्नाव्या वर्षी वावडिंग नको, म्हणून दातांचे डॉक्टर गाठले. सकाळी कानशिलं दुखतात का, घोरता का, संध्याकाळनंतर कॉफी किती, असं विचारून त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं सपाट झालेली. खालच्या पुढच्या दातांच्या कडेवर पिवळसर रेघ. "वरचं एनॅमल झिजलं, आतलं डेंटीन दिसतंय," ते म्हणाले. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही. पण मोडलेलं हाड सांधतं, एनॅमल गेलं की गेलं. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात.

मला आजीचं जातं आठवलं. पाळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ भरड पडायचं. मग टाकी लावणारी बाई अंगणात बसून छिन्नीने ठक ठक करत दगडाला पुन्हा धार आणायची. दाढांना अशी टाकी लावता येत नाही.

म्हणून नाईट गार्ड. गार लगदा तोंडात भरून माप घेतलं, आठवड्याने कडक, पारदर्शक पट्टी हाती आली. पहिल्या दोन रात्री उशी लाळेने भिजली. तिसऱ्या रात्री पट्टी विसरून झोपलो. ती गरम पाण्याने धुवायची नाही, आकार बिघडतो. टूथपेस्ट लावायची नाही, चरे पडतात. थंड पाणी, मऊ ब्रश आणि भोकं असलेली डबी, बस्स. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सवय मोडेलच असं नाही. पण झीज पट्टीची होईल, दातांची नाही."

दिवसासाठी त्यांनी एकच मंत्र दिला, ओठ मिटलेले, दात सुटे. परवा फोनवर "हो साहेब, करून टाकतो" म्हणून झालं आणि सहज गालावर हात गेला. जबड्याच्या कोपऱ्यावर सुपारीएवढी टणक गाठ. फोन ठेवला तरी दात आवळलेलेच. मराठीत रागाला दातओठ खाणं म्हणतात. मी दिवसा ओठ आवरतो आणि दात रात्रीसाठी राखून ठेवतो.

सहा महिन्यांनी पट्टी खिडकीशी धरून पाहिली. बारीक चरे सगळीकडे, उजव्या दाढेपाशी एक चांगला खोल खड्डा. बायकोने तो नखाने चाचपला. "हा कुणाच्या नावाचा?"

मी सांगायला लागलो. चहा दोनदा गरम करावा लागला. बोलता बोलता गालावर हात नेला, तर गाठ नव्हती.