मातेच्या नांवाचें आद्याक्षर

घोड्यांच्या शर्यतींचें नांव काढतांच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. पैजेपायीं संसार धुळीस मिळाल्याच्या कथा घरोघर ठाऊक आहेत, आणि द्यूताचा परिणाम काय होतो हें धर्मराजानें सर्वांस दाखवून ठेविलें आहे. म्हणून प्रथमच सांगतों कीं, आज आम्ही पैजेविषयीं बोलणार नाहीं. वंशाविषयीं बोलणार आहों.

जर्मनींतील हांबुर्ग शहराच्या हॉर्न नामक भागांत शर्यतीचें एक जुनें मैदान आहे. इंग्लंडांतील एप्सम येथें १७८० पासून चालत आलेल्या डर्बीचा कित्ता गिरवून तेथें १८६९ सालीं 'उत्तर जर्मन डर्बी' सुरू झाली. तीस १८८९ सालीं 'जर्मन डर्बी' हें नांव मिळालें. अंतर २४०० मीटर, म्हणजे सुमारें दीड मैल. धांवणारीं जनावरें तीनच वर्षांचीं. खच्ची केलेल्या घोड्यांस मज्जाव. कां, तर ही केवळ वेगाची परीक्षा नव्हे. पुढील पिढीचे मातापिता निवडण्याची परीक्षा आहे.

ह्याच १८६९ सालीं कोलोन शहराजवळ श्लेंडरहान येथें ओपनहाइम नामक पेढीवाल्या घराण्यानें अश्वांची पैदास आरंभिली. जर्मन पैदासकारांची एक चाल आम्हांस फार आवडली. शिंगराचें नांव त्याच्या आईच्या नांवाच्या आद्याक्षरावरून ठेवितात. 'श्वार्त्सलीझल'ची मुलगी 'श्वार्त्सगोल्ड', म्हणजे काळें सोनें. आपल्याकडे गोत्र पित्याचें. तथापि मातेचें नांव सांगून गुरूपुढें उभा राहिलेला सत्यकाम जाबालहि आपलाच.

ह्या श्वार्त्सगोल्डनें १९४० सालीं सर्व नरांस मागें टाकून डर्बी दहा लांबींच्या अंतरानें जिंकिली. पण काळ कसा होता पाहा. ओपनहाइम घराणें मूळचें यहुदी वंशाचें. मनुष्यांच्या रक्ताची शुद्धता तपाशीत बसलेल्या नाझी राजवटींत त्या घराण्याचा छळ झाला आणि युद्धकाळांत ती पैदासशाळा एस्. एस्. दलानें बळकाविली. ज्यांनीं घोड्यांच्या वंशावळी जिवापाड जपल्या, त्यांची स्वतःची वंशावळ मात्र गुन्हा ठरली! शर्यतीचेंहि स्थान सुटलें. १९४३ व १९४४ सालीं ती बर्लिनजवळ होपेगार्टन येथें झाली. १९४५ सालीं झालीच नाहीं. १९४८ सालीं ती पुनः हांबुर्गास आली.

युद्धानंतर श्लेंडरहान मूळ घराण्याकडे परत गेलें. तेथील अनातेव्का घोडीस १९७८ सालीं 'अल्लेग्रेटा' ही मुलगी झाली. अक्षर अर्थात् आईचेंच. अल्लेग्रेटाची मुलगी 'अर्बन सी' हिनें १९९३ सालीं पॅरिस येथील 'आर्क द त्रिओंफ' ही थोर शर्यत जिंकिली. अर्बन सीचे पुत्र 'गॅलिलिओ' व 'सी द स्टार्स' ह्यांनीं अनुक्रमें २००१ व २००९ सालीं खुद्द एप्समची डर्बी मारिली. परदेशीं गेल्यावर अक्षराची चाल सुटली, परंतु आजोळचें रक्त राहिलें. ज्या गुरूचा कित्ता गिरविला, त्याच्याच पाटीवर शिष्याच्या घरच्या नातवंडांनीं अक्षर उमटविलें.

हें वाचून आम्हीं घरचा वंशवृक्ष उघडला. सात पिढ्यांचे पुरुष त्यांत ओळीनें आहेत. नातीनें विचारलें, "आजोबा, तुमच्या आजीच्या आईचें नांव काय?" आम्हांस सांगतां आलें नाहीं, आणि ज्यांस सांगतां आलें असतें त्यांपैकीं आज कोणी उरलें नाहीं. ज्यांच्या घरीं वडीलधाऱ्या स्त्रिया अद्याप आहेत, त्यांनीं तीं नांवें आजच विचारून लिहून ठेवावीं, एवढीच विनंति.