घर पडलं नाही, तरीही

कवठे महांकाळकडच्या आमच्या बैठकीत ‘पीटीएसडी’ म्हटलं की बाया एकमेकींकडे बघतात. ‘धसका घेतलाय’ म्हटलं की मात्र लगेच कळतं. डॉक्टर ज्याला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात, तो या धसक्याच्याच जातीचा. फक्त महिना उलटला तरी हटत नाही आणि रोजचं जगणं अडवतो. घडलेलं पुन्हा आत्ताच घडतंय असं वाटणं, ती जागा, ती माणसं टाळणं, झोप उडणं, खुट्ट झालं की दचकणं, सगळा दोष स्वतःच्या माथी घेणं, ही त्याची लक्षणं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. वाचलेल्यांना छपराखाली झोपायची भीती वाटली, तर त्या भीतीला पुरावा लागत नव्हता. पडलेली भिंत सगळ्यांना दिसत होती. माझा प्रश्न आहे जिचं घर शाबूत उभं आहे तिचा. रात्री कडी वाजली की जिला कापरं भरतं, तिला ‘बाहेरचं काही झालंय का बघा’ म्हणून देवऋषाकडे नेतात.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये या विकाराला नाव दिलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. पण त्याआधीच, १९७४ मध्ये, ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारित स्त्रियांमध्ये अशीच लक्षणं नोंदवली होती. बायकांचं दुखणं रणांगणावरच्या दुखण्याच्या मागून मोजलं जातं, हे काही नवीन नाही!

मला सर्वांत जास्त खटकते ती जबाबाची गोष्ट. भेदरलेल्या मनात आठवण ओळीनं साठत नाही. हातातलं लाटणं आठवतं, वार आठवत नाही. आज एक सांगते, उद्या त्यात भर घालते. पोलीस आणि वकील याला खोटेपणा म्हणतात. आपल्यातली एखादी कार्यकर्तीही पुटपुटते, ‘बाई नक्की काय ते सांगत नाही.’ तुटक सांगणं हे आघाताचं लक्षण असू शकतं, हे आधी आपल्याला ठाऊक हवं.

मार खाल्लेल्या प्रत्येकीला हा विकार होतोच असं नाही. आधार मिळाला तर पुष्कळजणी उपचारांशिवायही सावरतात. ज्यांना होतो त्यांच्यासाठी उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर त्या आठवणीला हळूहळू, आपल्या गतीनं सामोरं जाणं, अपराधीपणाची गाठ सोडवणं. गरजेनुसार नैराश्यावरची काही औषधं. नुसत्या झोपेच्या गोळ्या हा उपाय नव्हे. त्यांची सवय लागते, मूळ दुखणं तसंच राहतं. आणि मार चालूच असेल तर ‘आघातोत्तर’ कसलं? तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा संरक्षण आदेश हाही उपचाराचाच भाग मानायला हवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पण शासनाची मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. रोजावर जाणाऱ्या बाईनं तिथवर कसं पोचायचं? तालुक्याच्या दवाखान्यात ठरल्या वारी समुपदेशक बसलीच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू या. तोवर निदान एवढं करू: तिच्या संमतीनं तिची हकीकत एकदाच, तारखेनिशी लिहून घेऊ, म्हणजे प्रत्येक टेबलापुढे तिला ती रात्र पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.