ढग ‘अडतात’ म्हणजे काय होते?

प्राथमिक शाळेत गोष्टी-कविता पुरे, माहितीचे धडे बारकाईने वाचायला पुढे माध्यमिक वर्ग आहेतच, असे मानणारे शिक्षक आणि पालक पुष्कळ आहेत. त्यांचा आधार आकड्यांचा आहे आणि तो लटका नाही. ‘असर’च्या २०२४ सालच्या ग्रामीण पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के होते. जिथे वाचनच अडखळते तिथे सूक्ष्म वाचन कसले, हा त्यांचा प्रश्न. पण अक्षरे पक्की झाल्यावरच समज सुरू होते, हे त्यात गृहीत धरले आहे. मूल शाळेत येण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकलेले समजून घेते, ‘का’ म्हणून विचारते. शिक्षकांनी परिच्छेद मोठ्याने वाचावा, मुलांनी ओळीवर बोट फिरवत ऐकावे आणि वाक्यावाक्यावर बोलावे, याला अस्खलित वाचनाची अट नाही. अक्षरांचा सराव त्याच्या तासाला चालूच राहील. तो संपेपर्यंत समजेला थांबवले, तर मागे पडलेली मुले चौथी संपली तरी एकही वाक्य तपासून पाहणार नाहीत.

याहून जड आक्षेप वेगळाच आहे. अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मग पूर्वज्ञानाशिवाय मजकूर चिवडून काय मिळणार? आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. सुटा उतारा घेऊन ‘मुख्य कल्पना शोधा’ म्हणण्याची कवायत यामुळे निकालात निघते, आणि निघावीच. पण ज्ञान कुठून येणार? एकाच विषयावरचे तीन-चार उतारे ओळीने, सावकाश वाचले तर पहिल्यात मिळालेले दुसऱ्याच्या कामी येते. म्हणून या वाचनाची जागा भाषेच्या तासापेक्षाही परिसर अभ्यासाच्या तासाला आहे.

पावसाचेच घ्या. ‘सह्याद्रीमुळे ढग अडतात, म्हणून कोकणात भरपूर पाऊस पडतो, पूर्वेकडे मात्र तो कमी होतो’ अशा धर्तीचे वाक्य मुले पाठ करतात आणि प्रश्नाच्या उत्तरात जसेच्या तसे उतरवतात. आता त्यातल्या ‘अडतात’वर थांबा. भिंतीला चेंडू अडतो तसे ढग अडतात का? अडूनच राहिले असते तर घाटमाथ्यावर महाबळेश्वरला इतका पाऊस कोसळला नसता. म्हणजे वाक्याने काहीतरी सांगायचे ठेवले आहे: समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढते, वर जाताना थंड होते, बाष्पाचे पाणी होते, पलीकडे उतरताना ती पुन्हा तापते आणि कोरडी पडते. मग ‘म्हणून’ कोणत्या दोन गोष्टी जोडतो आणि ‘मात्र’ कशाच्या विरुद्ध उभा आहे, हे मुले स्वतः दाखवू शकतात. शेवटी आकडे फळ्यावर लिहावेत: महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सुमारे ५००. जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून मूल हा फरक समजावू लागले, की उत्तर त्याचे स्वतःचे झाले. छापील मजकुरालाही ‘हे कसे?’ म्हणून विचारता येते, ही जाण नऊ वर्षांच्या मुलाला देण्याजोगी आहे. तिसरीत ‘हे वाक्य अपुरे आहे’ म्हणायला शिकलेले मूल पुढे जाहिरात, औषधाच्या पाकिटावरची सूचना आणि फोनवर फिरणारा मजकूर तसाच वाचेल.

मुलांना गोष्टीच आवडतात, हे म्हणणे साप, रेल्वे आणि ग्रहांविषयी त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकले की टिकत नाही. राहिला वेळ. पोर्शन संपत नाही ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही, शाळाबाह्य कामांचे ओझे पाहता तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक धडा असा वाचा, असा आग्रह नको. महिन्याला एक परिच्छेद, त्याला सलग दोन तास. आणि पाठाखालच्या स्वाध्यायात एक तरी प्रश्न असा हवा, ज्याचे उत्तर धड्यातली ओळ उतरवून देता येणार नाही. वर्ग स्वाध्यायाच्या मागे चालतो. तो प्रश्न तिथे छापला गेला, तर त्यासाठीचा वेळही वेळापत्रकात निघेल.