सूर्याची रीडिंग्ज कुणी ‘जुळवली’ नाहीत

आधी थिअरीतलं उत्तर बघायचं आणि मग त्यावरून रीडिंग लिहायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हेच चालतं. सरांनाही ते ठाऊक असतं, तरी सही मिळते. माझ्या मते यात आपण इंजिनिअरिंगमधली खरी मजाच घालवतो. कशी, ते सूर्याच्या उदाहरणाने सांगतो.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालावर वर-खाली होतो. १९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी माउंट विल्सनवर हे पाहिलं. या आत कोंडलेल्या ध्वनिलहरी आहेत, असं १९७० मध्ये रॉजर उलरिकने मांडलं. व्हायब्रेशनच्या पेपरात आपण वस्तू माहीत धरून नॅचरल फ्रीक्वेन्सी काढतो. इथे उलटं! फ्रीक्वेन्सी मोजायची आणि आत काय आहे ते काढायचं. काही लहरी वरच्यावर फिरतात, काही थेट गाभ्याकडे जातात, म्हणून थरामागून थर उलगडतो. एकेका कंपनाचा वेग सेकंदाला फार तर वीसेक सेंटिमीटर, आणि अशी लाखो कंपनं एकमेकांत मिसळलेली. रात्रीचा खंड पडू नये म्हणून १९९५ मध्ये ‘गाँग’ प्रकल्पाच्या सहा दुर्बिणी जगभर उभारल्या गेल्या. त्यातली एक आपल्या उदयपूरला.

आता मुद्दा. होमस्टेकच्या खाणीत रे डेव्हिसला सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश मिळत. वर्षानुवर्षं तेच. आपल्या लॅबमध्ये असतं तर तिपटीने गुणून मोकळे झालो असतो! गाभ्याचं तापमानच जास्त धरलंय, अशी अनेकांना शंका होती. पण कंपनांवरून काढलेला ध्वनीचा वेग सूर्याच्या मॉडेलशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळला. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अंतिया आणि चित्रे यांनीही यावर काम केलं. म्हणजे गडबड सूर्यात नाही, न्यूट्रिनोविषयीच्या समजुतीत होती. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, हे कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवलं. २००२ मध्ये डेव्हिसला नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे २००५ च्या सुमारास सूर्यातल्या ऑक्सिजन, कार्बन वगैरेंचं प्रमाण नव्याने काढलं, ते कमी भरलं, आणि मॉडेल पुन्हा कंपनांशी नीट जुळेना. हा वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून सरांना एकच विनंती. जर्नलमध्ये न जुळलेलं रीडिंग आणि त्याखाली कारणाच्या चार ओळी दिसल्या, तर ‘रिपीट’ लिहू नका, मार्क द्या. बाकी आम्ही बघतो.