काचेच्या तळ्यात आधी वनस्पती

परीक्षा संपून सुट्टी लागली की अनेक घरांत मुलांचा एक हट्ट डोके वर काढतो : घरात मासे हवेत. आईवडील जागेचा आणि खर्चाचा हिशेब मांडू लागतात. आजी मात्र एवढेच विचारते, "त्या मुक्या जिवांना काचेत कोंडून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न साधा असतो, पण त्याचे उत्तर देण्यास बहुधा कोणी थांबत नाही. सकाळी टाकी येते, संध्याकाळी मासे येतात आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच त्यांतील काही उताणे होऊन पाण्यावर तरंगू लागतात. मूल रडते, दुकानातून दुसरे मासे आणले जातात.

अशा वेळी मासे बहुधा घरातील माणसांच्या घाईला बळी पडलेले असतात. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. हा अमोनिया माशांना विषासारखा असतो. तळ्यात वा नदीत सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत मात्र हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जिवंत वनस्पती अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये अन्न म्हणून शोषून घेतात, दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि जिवाणूंना वस्तीसाठी आपली पाने व मुळे देतात. म्हणून काचेच्या तळ्यातील वनस्पतींना शोभेच्या वस्तू समजणे चूक ठरेल. त्या तळ्याचा सारा संसार त्यांच्याच आधारावर चालतो.

ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी प्रयोगाने दाखवून दिली. त्यांनी काचेच्या पात्रात वाळू पसरून वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. काही दिवसांत जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील काही गोगलगायी त्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांपैकी प्रत्येकाचे जगणे इतर दोघांच्या हाती असते, हे त्या पात्राने सांगितले.

वनस्पतींची निवड करताना दुकानात काय सुंदर दिसते, याआधी आपल्या घरात काय जगेल, हे पाहावे. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पाणी, प्रकाश आणि आपल्याकडील वेळ. भांड्यांच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी असेच असते. अशा पाण्यात वॅलिस्नेरिया उत्तम वाढते. तिची फितीसारखी लांब पाने पाण्यात डोलतात आणि जमिनीलगत धुमारे फुटून तिची नवी रोपे तयार होतात. मुळे नसलेले, पाण्यात मोकळे तरंगणारे सेराटोफायलमही असे पाणी सहन करते आणि झपाट्याने वाढत असल्यामुळे नव्या टाकीतील अमोनिया वेगाने शोषून घेते.

घरात प्रकाश मंद असेल, तर आग्नेय आशियातील जावा फर्न आणि आफ्रिकेतील अनुबियास या वनस्पती निवडाव्यात. त्या संथ वाढतात. अनुबियासच्या एका नव्या पानासाठी काही आठवडे वाट पाहावी लागते. श्रीलंकेतील क्रिप्टोकोरायन वेंडटी ही मध्यम उंचीची वनस्पतीही कमी प्रकाशात तग धरते. लालभडक पानांच्या वनस्पतींचा मोह बहुतेकांना होतो. पण त्यांतील बहुतेकींना प्रखर प्रकाश आणि पाण्यात वेगळा सोडलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. नवशिक्या घराने त्यांचा नाद सोडलेला बरा. शोभेचा 'लकी बांबू'ही पुष्कळदा पाणवनस्पती म्हणून विकला जातो. त्याची मुळे पाण्यात राहू शकतात, परंतु संपूर्ण रोप बुडवून ठेवल्यास ते काही महिन्यांत कुजते.

मांडणीची सुरुवात टाकीच्या जागेपासून होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे निव्वळ पाण्याचेच वजन ५६ किलो. त्यासाठी मजबूत व सपाट बैठक हवी आणि जागा खिडकीतील थेट उन्हापासून दूर हवी, कारण थेट उन्हात शेवाळ फोफावते. तळाशी स्वच्छ धुतलेली बारीक खडी पसरावी. पुढे दीड इंच, मागे तीन इंच. या उतारामुळे लहानशा टाकीलाही खोली आल्यासारखी वाटते. दगड निवडताना त्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. रस फसफसला तर तो दगड चुनखडीचा आहे. तो पाणी अधिक जड करील, म्हणून बाजूला ठेवावा. शिंपले व संगमरवर यांनाही हाच नियम लागू आहे.

मुख्य दगड वा लाकडाचा ओंडका नेमका मध्यभागी ठेवू नये. लांबीचे तीन भाग कल्पून तो एका तृतीयांशाच्या रेषेवर ठेवावा. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकाराने वनस्पतींच्या टाकीला निसर्गदृश्याचे रूप दिले. त्याच्या रचनांकडे पाहताना रिकाम्या जागेचे मोल कळते. उंच वॅलिस्नेरिया मागे, क्रिप्टोकोरायन मध्ये आणि पुढे थोडी मोकळी खडी, एवढी रचना दोन फुटांच्या टाकीस पुरेशी आहे. वॅलिस्नेरियाची रोपे दोन-दोन इंचांवर लावावीत. पाने जेथून फुटतात तो भाग खडीत गाडला जाऊ देऊ नये. जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे जाड खोडही खडीत पुरू नये, पुरल्यास ते सडते. सुती दोऱ्याने ते ओंडक्याला बांधावे. दोरा विरेपर्यंत मुळे लाकडाला घट्ट धरतात. खडीत रुजणाऱ्या वनस्पतींच्या मुळांशी खताची एखादी गोळी ठेवावी. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो. त्यानंतर ते टाकीत हळूहळू ओतावे. रोज सहा ते आठ तास दिव्याचा प्रकाश पुरतो.

यानंतरचा काळ परीक्षेचा असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ पाने पिवळी पडतात, विरघळतात आणि सारे फसले असे वाटू लागते. रोपवाटिकेत यांपैकी बरीच रोपे पाण्याबाहेरील दमट हवेत वाढवलेली असतात. तेथील पाने पाण्याखाली टिकत नाहीत. मुळे शाबूत असतील, तर त्याच रोपाला पाण्यात जगणारी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरायनच्या बाबतीत तर सगळी पाने गळून रोप पुन्हा उभे राहिल्याचे अनेकदा दिसते. म्हणून रोपे वारंवार उपटून पाहू नयेत. कुजलेली पाने तेवढी काढावीत, आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि वाट पाहावी.

रोपांबरोबर लहान गोगलगायी येतात. त्यांना मारण्यासाठी रोपे औषधी द्रावणात बुडवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. जीवदया मानणाऱ्या घराला त्याची गरज नाही. वॉरिंग्टन यांच्या पात्रातील गोगलगायींप्रमाणे याही कुजकी पाने व शेवाळ खातात. त्यांची संख्या अवाजवी वाढते ती टाकीत उरलेल्या अन्नामुळे. अन्न आवरले की त्यांची वाढही आपोआप आवरते.

दीड-दोन महिन्यांनी वनस्पती स्थिरावतात आणि आजीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. येथे एक वस्तुस्थिती जाणून घेणे आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या माशांच्या बहुतेक खाद्यांत माशांचा वा कोळंबीचा भुगा असतो. मासे आणले की ते खाद्य घरात येते. विकत घेण्यापूर्वी वेष्टणावरील घटक वाचावेत आणि मग घराने आपला निर्णय करावा. मासे आणायचेच ठरले, तर ते मोजके असावेत. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे गर्दी झालेल्या टाकीत पहाटे माशांचा श्वास कोंडू शकतो. मासे न आणण्याचे ठरले, तरी टाकी रिकामी राहत नाही. पानांवर चढणारे प्राणवायूचे बुडबुडे, जावा फर्नच्या पानाच्या टोकाला फुटणारे इवले रोप, काचेवरून सरकणारी गोगलगाय, यांत मुलाला रोज पाहण्यासारखे पुष्कळ असते.

शेवटची जबाबदारी टाकीबाहेरची आहे. छाटलेली पाणरोपे नदीत, विहिरीत वा ओढ्यात कधीही टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने महाराष्ट्रातील नद्यांचे काय केले, हे पवना आणि पंचगंगा यांच्या काठी दिसते. पाणी गाळल्यावर कापडावरील जीव ज्या जलाशयाचे पाणी असेल, त्याच जलाशयात परत सोडण्याची रीत कित्येक जैन घरांत आजही पाळली जाते. त्या रीतीतील 'त्याच' हा शब्द येथे मोलाचा आहे. परदेशातील वनस्पतींचे घर आपली नदी नव्हे. त्यांची छाटणी वाळवून कुंडीतील खतात मिसळावी. तसेच आपल्या रानातील दुर्मीळ पाणवनस्पती टाकीसाठी उपटू नयेत. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलणारा वायतुरा तेथेच पाहावा.

दोन महिने वनस्पतींची निगा राखलेले मूल मासे मागताना पूर्वीसारखा हट्ट धरत नाही. ते आधी पाण्याकडे पाहते, पाने मोजते आणि विचारते, "यात त्यांना नीट राहता येईल ना?" आजीचा प्रश्न आता नातवंडाच्या तोंडी आलेला असतो.