दिव्यात तेल कोण घालते?

परवा रिद्धपूरला बँकेत गेलो, तर ‘लिंक’ नव्हती. पासबुक घेऊन ताटकळलेल्या एका आजीबाईने विचारले, ‘‘भाऊ, हे लिंक म्हंजे काय?’’ केसासारख्या काचेच्या तंतूतून धावणारा उजेड, असे मी सांगितले. ती म्हणाली, ‘‘मंग त्या दिव्यात तेल कोन घालते?’’ उभी हयात बँकेत काढलेला मी निरुत्तर झालो.

प्रश्न अडाणी नव्हता. अतिशुद्ध सिलिकाच्या तंतूतही सुमारे पंधरा किलोमीटरवर प्रकाश निम्मा होतो. शंभर किलोमीटरवर शंभरावा हिस्सा उरतो. त्यावरचा तोडगा १९८७च्या सुमारास निघाला. तंतूत अर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळायचा आणि दुसऱ्या लेसरने त्यात ऊर्जा साठवायची. थकलेला संदेश तिथून जाताना ती ऊर्जा त्याच्याच जातीचा प्रकाश होऊन त्याला मिळते. हेच ते तेल!

हा गुण कापड रंगवण्याच्या रोडामाइनसारख्या रंगांतही आहे. पण काच वितळवायला दीड हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. तीत रंग जळून जाईल. म्हणून द्रव रसायनापासून साध्या तापमानालाच सिलिका गोठवतात. तिच्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंगाचे रेणू सुटे राहतात. एकमेकांना चिकटले तर त्यांचा उजेड मावळतो. अडचण एकच : उन्हातल्या लुगड्यासारखा हा रंगही प्रकाशाने विटतो. त्यामुळे लांबच्या केबलींत अर्बियमच चालते आणि रंगीत सिलिकावरचे प्रयोग इवल्या लेसरांसाठी व चिपवरच्या प्रकाशवाटांसाठी होतात.

एवढे मराठीत मांडताना माझी दमछाक झाली, आणि तीही कुठे? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्या गावी! केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा अशाने माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले होते. आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आली, एवढाच फरक.

२०२३च्या कायद्याने रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ मिळाले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आनंद आहे. पण या विद्यापीठात पोथ्यांच्या अभ्यासाशेजारी भौतिकशास्त्र मराठीत लिहिणारी माणसे बसणार नसतील, तर नागदेवाचार्यांचे आपण काय ऐकले? केबल गावात आणणे हे अर्धेच काम. तिच्यात काय चालते, हे आजीबाईला तिच्या बोलीत कळले पाहिजे. पैसे तिचे आहेत. प्रश्नही तिचाच होता.