श्रमाची भाषा

नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या संग्रहाने कामगाराचे जगणे मराठी कवितेच्या केंद्रस्थानी आणले. हिंजवडीतला सॉफ्टवेअर अभियंता मात्र आपल्या कथेत बहुधा पगार आणि परदेश एवढ्यापुरताच येतो. मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर सावरणे, दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड उलगडत बसणे, सकाळी तीच चूक क्लायंटसमोर उभे राहून परक्या भाषेत समजावणे, हेही श्रमच आहेत. प्रोग्रॅम माणसांना कळावा म्हणून लिहावा, असे डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४मध्ये मांडले होते. म्हणजे हा मुळात लेखनाचाच व्यवसाय! या लेखकाचा शीण योगवर्गाने हलका होईलही. पण त्या शिणाला मराठीत शब्द मिळाले नाहीत, तर एका पिढीचे कामच आपल्या साहित्यातून वजा होईल.